शाळेचा उंबरठा : जात, कायदा आणि शिक्षणाची समान संधी



या व्याख्यानमालेत आजवर साहित्यिक बोलले, इतिहासकार बोलले, एक-दोन कीर्तनकारही बोलले. यंदा संस्थेला वकील का हवासा वाटला हे मी विचारले नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते मात्र आयुष्यात कधी न्यायालयाची पायरी चढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. घटनेची प्रतही त्यांच्या घरी नसावी. तरीसुद्धा घटनेतील एक कलम आमच्या गावात त्यांनी ज्या रीतीने अमलात आणले, त्याची सर कुठल्याही निवाड्याला येणार नाही, असे माझे मत आहे. ती हकिगत ओघात येईलच. आधी थोडा मागचा प्रदेश पाहू.

पेडणे, डिचोली, सत्तरी या भागाला आपले वाडवडील ‘नव्या काबिजादी’ म्हणत. सासष्टी, बार्देस, तिसवाडी हे महाल सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. आपला भाग त्यांच्याकडे गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात; पेडणे तर सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ साली गेले. या दोनशे-अडीचशे वर्षांच्या अंतराने फार मोठा फरक पडला. १६८४ साली व्हाइसरॉयने कोंकणी बोलण्याविरुद्ध फर्मान काढले, तेव्हा आपण त्या राज्यात नव्हतो. धर्मसमीक्षणाचा कहर जुन्या काबिजादींनी सोसला. नव्या काबिजादी घेताना राज्यकर्ते शहाणे झाले होते. येथील देवळे, धर्म, रूढी आणि गावकी यांना धक्का लावणार नाही, असे वचन त्यांनी दिले आणि बऱ्याच अंशी पाळलेही. १६ डिसेंबर १८८० च्या कायद्याने हिंदूंच्या रूढी-रिवाजांना लेखी मान्यतासुद्धा मिळाली.

आपण या वचनाचा उल्लेख अभिमानाने करतो. देऊळ राहिले, पालखी राहिली, मराठी राहिली. पण रूढी राखण्याचे वचन देताना रूढींची निवड कोणी केली नव्हती. ज्या वचनाने देवळाचा कळस राखला, त्याच वचनाने महारवाड्याची गावाबाहेरची जागाही राखली. परक्या सरकारला त्यात हात घालण्याचे कारण नव्हते आणि आपल्यातल्या वरच्यांना इच्छा नव्हती.

वंशभेदाचा प्रश्नही याच सरकारच्या कायद्यात दिसतो. २ एप्रिल १७६१ रोजी, पोंबालच्या कारकिर्दीत, पोर्तुगालच्या राजाने एक हुकूम काढला. हिंदुस्थानातील बाप्तिस्मा घेतलेले प्रजाजन आणि पोर्तुगालात जन्मलेले प्रजाजन यांच्यात भेद करू नये, रंगावरून त्यांना कमी लेखू नये, असा त्याचा आशय. त्या काळाच्या मानाने हा हुकूम पुष्कळच पुढचा होता. मात्र ‘बाप्तिस्मा घेतलेले’ ही अट त्यात होती. म्हणजे कातडीचा रंग अडथळा नाही, पण धर्म आहे. गोव्यातील हिंदूंना कायद्याच्या दृष्टीने समान नागरिकत्व लाभले ते ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक आले तेव्हा. पुढे वीसच वर्षांनी सालाझारच्या राजवटीत १९३० चा ‘आक्तु कोलोनियाल’ आला आणि वसाहतीतील माणूस पुन्हा खालच्या पायरीवर बसला. लुईश द मिनेझीस ब्रागांझा यांनी विधिमंडळात या कायद्याचा जाहीर निषेध केला. स्वतः ख्रिस्ती, संपन्न आणि पोर्तुगीज भाषेवर प्रभुत्व असलेल्या या गृहस्थांना तो अपमान आधी कळला, ही गोष्ट मला नेहमी लक्षणीय वाटते.

आता शाळा. पणजीचे लिसेंव १८५४ सालचे. पोर्तुगीज माध्यम, राजधानीतली जागा. पेडण्याच्या मुलाला तेथे पोहोचायला शापोरा आणि मांडवी अशा दोन नद्या उतरून जावे लागे, आणि तेथे पोहोचल्यावर राहायला नातलगाचे घर लागे. गावात होते ते शेणैमाम. भाटकाराच्या पडवीत किंवा देवळाच्या अग्रशाळेत ते धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, पाढे, मोडी, हिशेब शिकवीत. मोबदला धान्यात आणि नारळात मिळे. प्रजासत्ताकाच्या आगेमागे घरोघरची मूठमूठ तांदूळ गोळा करून शाळा उभारण्याची कल्पना निघाली. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावात ती मूठ आजही आहे. संस्था १९०८ ची. या शेणैमामांचे आणि मूठ देणाऱ्यांचे आपल्यावर अनंत उपकार आहेत. त्यांच्यामुळे नव्या काबिजादीत मराठी अक्षर तगले.

तथापि वकिलाला वाईट खोड असते : तो विचारतो, पडवी कोणाची आणि त्या पडवीवर कोण चढू शकत होते? कुळाचा मुलगा कदाचित कोपऱ्यात बसे. मुंडकाराच्या मुलाला त्या वेळी भाटकाराच्या बागेतले नारळ गोळा करायचे असत. महार, चांभार यांच्या मुलांचा प्रश्नच उद्भवत नव्हता. त्यांना कोणी ‘नाही’ म्हटल्याची नोंद सापडत नाही, कारण विचारण्याची सोयच नव्हती.

पलीकडे ब्रिटिश मुलखात निदान नोंदी आहेत. जून १८५६ मध्ये धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. फी भरण्याची त्याची तयारी होती. प्रवेश नाकारला गेला. मुंबई सरकारने ठरावात काय म्हणावे? तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एका मुलासाठी शाळा बाकीच्यांना निरुपयोगी करून चालणार नाही. पुढे कलकत्त्याच्या सरकारने आणि लंडनच्या संचालकांनी या निर्णयाविषयी नापसंती दर्शवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे प्रकरण आपल्या लेखनात वारंवार पुढे ठेवले आहे. तो मुलगा पुढे शिकला की नाही, हे कागद सांगत नाहीत. पण मित्रहो, मुंबई सरकारचे ते उत्तर पुन्हा एकदा मनात घोळवा. ‘न्याय तुझा, शाळा त्यांची.’ गेली पावणेदोनशे वर्षे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या भाषांत, हेच उत्तर दिले जात आहे.

महात्मा फुल्यांना हा आंतरदेशीय धागा केव्हाच दिसला होता. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्याच्या माणसाने, अमेरिका न पाहता! पुढे बाबासाहेबांनी अमेरिका पाहिली. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली. अस्पृश्यांचा प्रश्नही त्याच दारात न्यावा काय, हा विचार त्यांच्या मनात होता.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले इतरांबरोबर बसवण्याचा हुकूम दिला. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळाही त्यात होत्या. तेरेखोलच्या पलीकडे हे चालले होते. नदीची रुंदी ती किती! आरोंद्याहून हाक मारली तर किरणपाण्याला ऐकू यावी. २६ जानेवारी १९५० रोजी घटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे सतराव्या कलमात जाहीर केले. ते कलम नदी उतरून आपल्याकडे यायला आणखी जवळजवळ बारा वर्षे लागली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि बाराव्या घटनादुरुस्तीने दुसऱ्या दिवसापासून आपण भारतीय संघराज्याचा प्रदेश ठरलो.

मुक्तीनंतरच्या दशकाविषयी बोलताना माझ्या पिढीच्या माणसाचा आवाज थोडा हलतो, त्याला इलाज नाही. दयानंद बांदोडकर डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि ऑगस्ट १९७३ मध्ये निधन होईपर्यंत, मधला अल्पसा राष्ट्रपती राजवटीचा काळ सोडता, त्या पदावर राहिले. १२ मार्च १९११ रोजी त्यांचा जन्म झाला तो या पेडण्यातच. देवळाच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेलेल्या आणि प्रतिष्ठा नाकारल्या गेलेल्या समाजातून ते आले होते. शाळा कोणाला नसते, हे त्यांना कोणा सचिवाने टिपण करून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या राजकारणाविषयी, विलीनीकरणाच्या भूमिकेविषयी मतभेद असू शकतात. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी वेगळा निर्णय दिला, तो आपण सर्वांनी स्वीकारला. पण वाड्यावाड्यावर प्राथमिक शाळा काढण्याचा त्यांचा सपाटा हा या भूमीतला सर्वांत मोठा समतेचा कायदा होता, असे मी न्यायालयातही म्हणायला तयार आहे.

इमारती मात्र रातोरात उभ्या राहत नाहीत. आमच्या गावची सरकारी शाळा देवळाच्या अग्रशाळेत भरू लागली. गावाचे नाव सांगत नाही. तशी गावे पुष्कळ होती. सरकारचा आदेश स्पष्ट होता, शाळा सर्वांना खुली. महारवाड्यावरची चार मुले नाव घालायला आली, मास्तरांनी नावे घातलीसुद्धा. अडचण अशी की अग्रशाळा देवळाच्या प्राकारात, आणि प्राकारात त्या मुलांना यायची मुभा नव्हती. तेव्हा ती प्राकाराच्या भिंतीबाहेर, पायरीशी बसू लागली. फळा दिसत नसे. पाढे म्हटले की ऐकू येत, म्हणून पाढे त्यांना पाठ झाले. अक्षर आले नाही. हजेरीपटावर चौघेही रोज हजर होती. निरीक्षक आले, त्यांनी पट पाहिला, सही केली.

१९६५ साली गुरुजी या शाळेवर बदलून आले. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही, भाषण केले नाही. फळा उचलून बाहेरच्या खळ्यात आंब्याखाली नेला. ‘आत उकडते,’ असे कारण दिले. चैत्र-वैशाख तसाच निघाला. मृग जवळ आला तेव्हा गावाला वाटले, आता फळा आत येणार. गुरुजी दारोदार पडवी मागत हिंडले. दोन मोठ्या घरांनी नकार दिला. आमचे घर त्यांतले एक. शेवटी माड काढणाऱ्या एका भंडारी कुटुंबातील विधवा बाईंनी आपला सोपा दिला. चुडतांचा आडोसा गुरुजींनी स्वतः बांधला. पहिले काही दिवस वरच्या वाड्यावरची मुले आली नाहीत. माझ्या आजोबांनीही मला आठ दिवस घरी ठेवले होते. सहामाही जवळ आली तशी सगळी परतली. शिक्षणाची भूक अशा वेळी उपयोगी पडते. मग गुरुजींनी मुलांना उंचीप्रमाणे बसवले, बुटकी पुढे, उंच मागे. मी पुढच्या रांगेत होतो. माझ्या डावीकडे त्या चौघांतला एक मुलगा होता, आणि गणितात तो माझ्या कितीतरी पुढे होता.

अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याच्या पाचव्या कलमाखाली शाळेत प्रवेश नाकारणे हा तेव्हाही गुन्हा होता. पण येथे कोणी प्रवेश नाकारलाच नव्हता. नाव घातले होते, हजेरी लागत होती. कायद्याला दार दिसते. दार कोणत्या आवारात आहे, हे त्याला दाखवून द्यावे लागते.

याच जातीचा एक मोठा खटला अमेरिकेत झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले होते : गोऱ्यांची सोय वेगळी, काळ्यांची वेगळी, सोय समान असल्याशी कारण. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात त्याच न्यायालयाने एकमताने ठरवले की शिक्षणात वेगळे ठेवणे हेच मुळात विषम आहे. निवाडा थोर आहे. पण व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने त्याला दिलेले उत्तर फारसे सांगितले जात नाही. एकत्र बसवण्याची पाळी आली तेव्हा त्या परगण्याने १९५९ साली सार्वजनिक शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या, त्यांच्या शुल्काला सरकारी मदतही मिळाली. काळी मुले पाच वर्षे घरी बसली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले, तोवर सात वर्षांचा मुलगा बारा वर्षांचा झाला होता.

आपल्याकडे कोणी सूडाने शाळा बंद केल्या नाहीत. तसा आरोप मी करणार नाही. आपल्याकडे शाळा रिकाम्या झाल्या. कशा, ते थोडे मोकळेपणाने बोलू या, कारण या सभागृहातील बहुतेकांच्या नातवंडांचा त्यात संबंध आहे.

१९८७ साली राजभाषा कायदा झाला, त्याच वर्षी ३० मे रोजी घटक राज्य मिळाले. १९९० मध्ये सरकारने ठरवले की प्राथमिक स्तरावर अनुदान मिळेल ते प्रादेशिक भाषांच्या माध्यमाला. मुलाने पहिली अक्षरे आपल्या भाषेत शिकावीत हे शिक्षणशास्त्राला धरून होते आणि मला ते आजही पटते. पण त्याचा एक परिणाम असा झाला की ज्याच्या खिशात पैसे होते, त्याने विनाअनुदानित इंग्रजी शाळा गाठली. तत्त्व सर्वांसाठी आणि आचरण गरिबांसाठी, अशी विभागणी झाली. मातृभाषेच्या व्यासपीठावर तळमळीने बोलणारे आणि सकाळी नातवाला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढवणारे सद्‌गृहस्थ आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले केले, त्यावरून राज्यभर आंदोलने झाली, पुढच्या सरकारांनी त्यातले काही ठेवले. कर्नाटकाच्या खटल्यात ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खासगी शाळांवर मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही. भाषेचा वाद आजचा विषय नाही. मला दिसते ते एवढेच की या साऱ्या घडामोडींत पेडणे-डिचोलीच्या वाड्यांवरील सरकारी मराठी शाळेत उरली ती दोन प्रकारची मुले. एक, ज्यांच्या आई-बापांना बसचे भाडे परवडत नाही. दुसरी, कर्नाटकातून, उत्तरेतून मजुरीसाठी आलेल्यांची. घरी कन्नड किंवा भोजपुरी आणि शाळेत मराठी. एका खोलीत चार वर्ग आणि एक बाई, असे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

डिचोलीत यात खाणीची भर पडली. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खनिज उत्खनन थांबले, २०१८ मध्ये ८८ लिझेस सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवल्या. पर्यावरणाच्या दृष्टीने त्या निर्णयांची गरज होती. शिरगाव, मये, मुळगाव येथील शेतांत आणि विहिरींत काय साचले होते ते तेथल्या लोकांना विचारावे. पण ट्रकचे हप्ते थकलेल्या घरांत पहिली कात्री कुठे लागली? वर्षभरात अशा कितीतरी पालकांचे अर्ज मी लिहून दिले, शुल्काला मुदत मिळावी म्हणून. मुलाचे नाव चालू राहिले, मुलीचे नाव गावच्या शाळेत परत आले, हेही त्यांतून दिसे.

कायदा या बाबतीत गप्प नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये, पाचास चार अशा मताधिक्याने, शिक्षण हा त्यांच्या घटनेखाली मूलभूत हक्क नाही असे म्हटले. गरीब वस्तीच्या शाळेला कराचे उत्पन्न कमी म्हणून पैसा कमी, हे त्यांना चालले. आपण उलट वाटेने गेलो. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यानंतर पहिली घटनादुरुस्ती होऊन पंधराव्या कलमात मागासवर्गीयांसाठी चौथे पोटकलम आले. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा हक्क मानला गेला. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने २१-अ कलम आले आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक, विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी, प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची परीक्षा नाही. २०१४ मध्ये अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. तो निर्णय मला पटलेला नाही, पण तो आजचा कायदा आहे. कागदावर पाहिले तर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण, बारा मुले आणि चार इयत्ता असलेल्या शाळेत, एका शिक्षकावर भागवायला कसे वापरले जाते हे शिक्षकांना मी सांगायला नको.

आता माझ्या व्यवसायातील एक प्रकरण सांगतो. नावे सांगत नाही. पेडणे तालुक्यातील एक मुलगी बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. जात महार, घरी वाचणारी ती पहिली. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा होता. आजोबा मूळचे नदीपलीकडचे, सातार्ड्याच्या बाजूचे. इकडे मजुरीला आले आणि राहिले. आता कायदा असा आहे की अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. गोवा, दमण व दीवची यादी १९६८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने झाली. त्या वेळी कुटुंब जेथे स्थायिक, तेथल्या यादीचा लाभ. नंतर दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तेथे तो मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मरी चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात ठरवले. तोही मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाचाच खटला होता. महार जात नदीच्या अलीकडे यादीत आहे आणि पलीकडेही आहे. अस्पृश्यता नदी उतरून आली, तिला कोणी दाखला विचारला नाही. सवलतीला मात्र दाखला लागतो.

(जाता जाता : गावडा, कुणबी, वेळीप यांना तर १९६८ च्या आदिवासी यादीत स्थानच नव्हते; ते मिळाले २००३ मध्ये. २०११ च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर भरले. म्हणजे पस्तीस वर्षे, दीड पिढी, या मुलांना राखीव जागा म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. धनगर-गवळ्यांचे नाव तर २००३ च्या यादीतही आले नाही.)

तर प्रश्न असा, आजोबा १९६८ पूर्वी गोव्यात राहत होते हे सिद्ध कसे करायचे? जमीन नावावर नाही. घर भाटकाराच्या जागेत. १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली अर्ज करायला कोणी सांगितले नव्हते. मतदारयादीत नाव अर्धवट आणि वय चुकीचे. आजोबांना सही येत नव्हती, त्यामुळे कागदच नाही. प्रवेशाची मुदत सोळा दिवसांवर. मुलगी माझ्यासमोर बसली होती, काही बोलत नव्हती. तिची आई एकसारखी मला विचारत होती, ‘बाबा, आम्ही हंयचींच न्हय?’

तेव्हा मला आठवले ते शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. मुलीच्या वडिलांना विचारले, पहिलीत कधी गेलात? त्यांना साल सांगता आले नाही, शाळा सांगता आली. ती शाळा पटसंख्येअभावी बंद होऊन शेजारच्या शाळेत विलीन झाली होती. तेथे गेलो. बाईंनी दोन दिवस शोधून, जुने नकाशे आणि तुटकी बाके ठेवलेल्या खोलीतून ते रजिस्टर काढले. पाठीला वाळवी लागलेली. जून १९६६, अनुक्रमांक, मुलाचे नाव, बापाचे नाव, बापाचा धंदा ‘मजुरी’, राहण्याचे ठिकाण म्हणून या तालुक्यातील वाडा, आणि जातीच्या रकान्यात जात. अक्षर ठसठशीत. त्या एका ओळीवर दाखला मिळाला. मुदतीच्या दोन दिवस आधी.

ज्या शिक्षकाने ती ओळ लिहिली, त्याला त्या क्षणी एका मजुराचे पोर दाखल करून घेण्यापलीकडे काही करायचे नव्हते. परंतु ज्यांच्याकडे सातबारा नाही, आल्वारा नाही, फोटो नाही, अशा माणसांचा या देशातला पहिला लेखी उल्लेख बहुधा शाळेच्या रजिस्टरात झाला आहे. त्यामुळे पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करण्याचा निर्णय जेव्हा होतो, तेव्हा मुलांच्या चालण्याचे अंतर जसे मोजले पाहिजे, तसेच हेही विचारले पाहिजे की रजिस्टर कोणाच्या ताब्यात गेले, पावती कोणी दिली आणि पावसात ते कोठे ठेवले आहे.

येथे पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील निरनिराळ्या गावांचे माजी विद्यार्थी बसले आहेत. आपण ज्या प्राथमिक शाळेतून या हायस्कुलात आलात, ती शाळा आज चालू आहे का, हे पाहा. चालू असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाखाली तेथे व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. समितीची बैठक खरोखर भरते की केवळ सह्या फिरतात, ते विचारा. जो मजूर सकाळी सातला कामावर जातो, त्याला अकराच्या बैठकीला येता येत नाही, एवढी साधी गोष्टही कोणाला सुचवावी लागते. आणि शाळा बंद झाली असेल, तर भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्या शाळेची रजिस्टरे कोठे आहेत ते विचारा. उत्तर लेखी मागा. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आपल्या संस्थेच्या कार्यालयात पहिल्या वर्षापासूनची रजिस्टरे आहेत. ती गुरुजींनी कापडात बांधून ठेवली होती, अजून तशीच आहेत. मी काल ती पाहिली. पाने सुटी होऊ लागली आहेत. त्यांची बांधणी आणि प्रती यांचा खर्च यंदाच्या माजी विद्यार्थी मेळाव्याने उचलावा, असा प्रस्ताव अध्यक्षांच्या परवानगीने मी येथेच मांडतो. ज्यांना अर्ज लिहिता येत नाहीत त्यांच्यासाठी दर शनिवारी दुपारी तीननंतर मी पेडण्याच्या बाजारातील माझ्या कचेरीत असतो. शुल्क नाही. येताना जुना कागद असेल तो आणावा. नसेल, तर शाळेचे नाव आणि वाड्याचे नाव पुरे.